विंडोज ११ घालण्याआधी स्क्रू-ड्रायव्हर काढा

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

डिचोलीला आमचे डीटीपीचे लहान दुकान आहे. लग्नपत्रिका, देवस्थानांची पावतीपुस्तके, जत्रेच्या नाटकांची हस्तपत्रके अशी कामे येतात. मुख्य संगणक २०१८ साली जुळवून घेतला. आय५-८४०० प्रोसेसर, एच३१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, तिच्यावर सी, डी, ई असे तीन भाग, आणि विंडोज १० प्रो. त्यावर कोरलड्रॉ, यूएसबी डोंगलवर (परवान्याची किल्ली असलेल्या छोट्या खुंटीवर) चालणारे मराठी फॉण्टांचे पॅकेज आणि टॅली. दुसरा संगणक जुना आय३, ४ जीबी रॅम, ३२-बिट विंडोज ७. त्यावर जुने डीटीपी पॅकेज आहे, त्याचा डोंगल मागच्या पंचवीस छिद्रांच्या प्रिंटर पोर्टात बसतो. लेझर प्रिंटर या जुन्या संगणकाला जोडून नेटवर्कवर शेअर केला आहे. विंडोज १० चे दिवस संपले म्हणून ११ घालायला गेलो, तर तपासणीत ‘हा संगणक पात्र नाही’ असे आले. हार्डवेअरवाला म्हणतो, दोन्ही काढून नवे घ्या. मुलगा म्हणतो, आई, एका रात्रीत पेन ड्राइव्हवरून घालून देतो. कोणाचे ऐकू?

— एक वाचक, डिचोली

ताई, नमस्कार.

दोघांचेही ऐकू नका. मुलाला मात्र हाताशी ठेवा, पुढची बरीच कामे त्याच्याच हातची आहेत.

पहिली गोष्ट, तुमचा मुख्य संगणक विंडोज ११ ला पात्र आहे. आय५-८४०० हा इंटेलच्या आठव्या पिढीचा प्रोसेसर, आणि मायक्रोसॉफ्टने रेघ तिथेच ओढली आहे. आठवी पिढी आत, त्याआधीचे जवळपास सगळे बाहेर. मग तपासणीत नापास का झाला? कारण तो जुळवणाऱ्याने २०१८ मध्ये विंडोज ७ च्या जमान्याच्या सवयीने उभा केला असणार. डिस्कचे भाग जुन्या एमबीआर पद्धतीने पाडलेले, बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारी मदरबोर्डची मूळ व्यवस्था) लेगसी म्हणजे जुन्या मोडमध्ये आणि टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) बंद. खात्री करायला शोधपट्टीत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ टाइप करा आणि ‘बायोस मोड’ ही ओळ पाहा. तिथे ‘लेगसी’ दिसले तर निदान झाले. टीपीएम २.० साठी वेगळी चिप विकत घ्यावी लागत नाही. इंटेलच्या या पिढीत ते काम मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच होते. बायोसमध्ये त्याला ‘पीटीटी’ म्हणतात आणि ते नुसते चालू करायचे असते. यासाठी नवा संगणक घ्या म्हणणाऱ्याने बायोस उघडून पाहिलेले नाही.

आता घाई किती करायची ते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या दिवशी संगणक बंद पडत नाही, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबते. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा-अपडेटची सोय ठेवली आहे. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असेल तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीची लिंक दिसते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून विंडोज बॅकअप चालू केले की पैसे पडत नाहीत. तुमचा संगणक या सोयीत बसत असेल तर ही नोंदणी आजच करून टाका, म्हणजे दिवस निवडणे तुमच्या हाती राहील. तुमच्या धंद्यात तो दिवस चवथीच्या आधी नको, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई आणि जत्रा एकदम सुरू होतात तेव्हाही नको. पितृपक्ष उत्तम. पत्रिकेची ऑर्डर कोणी आणत नाही आणि दोन दिवस दुकान अडले तरी गिऱ्हाईक तुटत नाही.

मुलाची ‘एका रात्रीत’ची योजना का नको? पेन ड्राइव्हवरून कोरे विंडोज घातले की कोरल, फॉण्टांचे पॅकेज, टॅली, प्रिंटर सगळे पुन्हा बसवावे लागते. त्यांतल्या अर्ध्या गोष्टींच्या सीडी आणि सिरियल नंबर कुठे आहेत हे शोधण्यातच सकाळ होते. आणि हे सगळे आहे त्या हार्डडिस्कवर केले तर मागे फिरायला वाट उरत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क), तिच्यावर आहे तेच विंडोज १० जसेच्या तसे उचलून न्यायचे, तिथे ते नीट चालल्यावर डिस्कची पद्धत बदलायची, मग बायोस, आणि सगळ्यात शेवटी विंडोज ११. जुनी हार्डडिस्क केबल काढून कपाटात. काही बिघडले तर दहा मिनिटांत केबल आणि बायोसचा एक पर्याय फिरवून दुकान पूर्ववत चालू होते. विंडोज ११ मध्ये स्वतःची ‘मागे जा’ सोय आहे, पण ती दहा दिवसांची असते आणि डिस्क क्लीनअपमध्ये ‘जुनी विंडोज’ पुसली गेली तर तेवढीही राहत नाही. कपाटातल्या डिस्कला मुदत नसते.

शिवाय वेग. विंडोज ११ फिरत्या हार्डडिस्कवर रांगते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली दिसते आणि लोक दोष विंडोजला देतात. लोक ‘नवे विंडोज काय पळते’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा पळत असते ती एसएसडी. २.५ इंची साटा एसएसडी घ्या, ५०० जीबी पुरे, जुन्या फायली भरपूर असतील तर १ टीबी. एच३१० च्या काही मदरबोर्डवर एम.२ खाच असते, पण या चिपसेटच्या लेन पीसीआय एक्सप्रेस २.० च्या असल्याने महागडी एनव्हीएमई (त्या खाचेत बसणारी जलद एसएसडी) घेऊन तिचा पुरा वेग मिळणार नाही. साटा केबल आणि एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) मोकळा पॉवर कनेक्टर आहे का, ते कॅबिनेट उघडून आधीच पाहा. त्याच वेळी मदरबोर्डवरची सीआर२०३२ बटण-बॅटरी बदला. सात-आठ वर्षांत ती उतरते. उतरलेल्या बॅटरीचा संगणक रात्री मेन स्विच बंद केला की बायोसच्या सेटिंग्ज विसरतो आणि सकाळी लेगसी मोडवर परत जातो. मग नवे विंडोज उघडतच नाही आणि सगळे अपग्रेडला शिव्या देतात. बॅटरी काढण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. रॅम काढून पट्ट्या साध्या खोडरबराने पुसून परत लावल्या की ‘कारणाशिवाय’ होणारी अर्धी रीस्टार्ट थांबतात. रॅमची दुसरी खाच मोकळी असेल तर ८ जीबीची डीडीआर४-२६६६ आणखी एक घाला. कोरल आणि ब्राउझर एकत्र उघडे ठेवायचे तर १६ जीबी बरे.

एसएसडी आणायच्या आधी जुन्या डिस्कची तब्येत तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम एका शब्दात सांगतो. ‘गुड’ असेल तर पुढे जा. ‘कॉशन’ असेल तर क्लोन (डिस्कची हुबेहूब प्रत) करायच्या भानगडीत आधी पडू नका. कामाच्या फायली बाहेरच्या यूएसबी डिस्कवर काढा, मग बाकीचे. खराब सेक्टरवर क्लोनिंग तासन्‌तास अडकते आणि त्या खटपटीत मरणारी डिस्क आणखी मरते.

बाहेरच्या डिस्कवर काय काय घ्यायचे? डी आणि ई पूर्ण. सी वरचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स. विंडोजच्या फोल्डरमधला ‘फॉण्ट्स’ फोल्डर अख्खा, हा हमखास विसरला जातो. टॅलीच्या प्रत्येक कंपनीचा बॅकअप. टॅलीचा परवानाही आधी सरेंडर करून ठेवा आणि नव्या डिस्कवर पुन्हा ऍक्टिव्हेट करा. त्याला टॅली डॉट नेट आयडीचा ईमेल आणि पासवर्ड लागतो. तो बहुतेक दुकानांत टॅली विकणाऱ्याकडेच असतो, म्हणून आठवडाभर आधी मागून घ्या. सेटिंग्जमध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’ आणि त्याखाली ऍक्टिव्हेशन हेही पाहा. ‘डिजिटल लायसन्स’ असे असेल तर विंडोज ११ फुकट मिळेल आणि डिस्क बदलल्याने काही बिघडणार नाही. तिथे ‘तुमच्या संस्थेच्या ऍक्टिव्हेशन सेवेने चालू’ असा मजकूर असेल आणि तुमची कुठलीही संस्था नसेल, तर २०१८ मध्ये तुम्हाला चोरीचे विंडोज बसवून दिले आहे. मग परवाना विकत घ्या. ते उघडणारे क्रॅक कशाकशाला दार उघडते याचा भरवसा नाही, आणि त्याच संगणकावर तुम्ही बँकेचे पान उघडता.

आता खरी मेख. डिस्क एमबीआरवरून जीपीटी या नव्या पद्धतीवर नेण्यासाठी विंडोज १० मध्येच ‘एमबीआर टू जीपीटी’ नावाचे साधन आहे, डेटा न पुसता काम करते. पण त्याला डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन (मुख्य भाग) चालतात, एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल पार्टिशन अजिबात चालत नाही. आणि आपल्याकडे सी, डी, ई पाडून देण्याची जी रीत आहे, तिच्यात डी आणि ई बहुधा एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत असतात. म्हणजे तुमच्या आहे त्या डिस्कवर हे साधन ‘डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड’ म्हणून थांबेल. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून अनेकजण इथेच अडकतात आणि मग पार्टिशन उडवायला निघतात. तुम्हाला ती वेळ येऊ द्यायची नाही. क्लोन करतानाच फक्त दोन भाग एसएसडीवर न्या, ‘सिस्टिम रिझर्व्हड’ नावाचा काही शे एमबीचा लहान भाग आणि सी. डी व ई जुन्या डिस्कवरच राहू देत. त्यांची प्रत तुमच्याकडे बाहेरच्या डिस्कवर आहेच. एसएसडीसोबत कंपनीचे क्लोनिंगचे साधन मिळते. त्यात भाग निवडता येतात का ते आधी पाहा. येत नसतील तर निवडता येणारे दुसरे साधन घ्या. सी मोठा करायचा तर त्याच वेळी करा, २०० जीबी पुरे.

क्लोन झाले की संगणक बंद करा, जुन्या डिस्कच्या दोन्ही केबल काढा आणि मगच फक्त एसएसडीवर चालू करा. दोन्ही डिस्क जोडून पहिल्यांदा चालू केले तर दोघींची ओळखखूण एकच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन करते, आणि आपण नेमके कुठल्या डिस्कवर काम करतो आहोत हे कळेनासे होते. आता निदान एक दिवस नेहमीचे काम करा. कोरल उघडा, छापा, टॅली उघडा; डी वरच्या फायली लागल्या तर तूर्त बाहेरच्या डिस्कवरून घ्या. सगळे ठीक असेल तर पुढे.

पुढचे काम कमांड प्रॉम्प्ट ‘रन ऍज ऍडमिनिस्ट्रेटर’ करून. एमबीआर टू जीपीटी आधी ‘व्हॅलिडेट’ या जोडशब्दासह चालवा, तो नुसता तपासतो. मग ‘कन्व्हर्ट’सह. दोन्ही वेळा ‘अलाउ फुल ओएस’ हा जोड द्यायचा, कारण तुम्ही चालत्या विंडोजमधून हे करता आहात. कमांड अक्षर न चुकवता मायक्रोसॉफ्टच्या पानावरून उचला. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर याआधी ‘सस्पेंड’ करा. काम यशस्वी झाल्याचा संदेश आला की संगणक लेगसी मोडमध्ये उघडणार नाही, म्हणून घाबरायचे नाही, रीस्टार्ट करून डिलीट बटण दाबत बायोसमध्ये शिरायचे. सीएसएम (जुन्या लेगसी मोडला आधार देणारा पर्याय) ‘डिसेबल’, पीटीटी ‘एनेबल’, सिक्युअर बूट ‘एनेबल’ आणि त्याच्या किल्ल्यांचा मोड ‘स्टँडर्ड’. पीटीटीचा पर्यायच दिसत नसेल तर मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरून बायोस अपडेट करावे लागेल. ते मात्र यूपीएसशिवाय कधीच करू नका. विंडोजचे अपग्रेड चालू असताना वीज गेली तर ते बहुतेकदा स्वतःहून मागे फिरते. बायोस लिहिले जात असताना गेली तर मदरबोर्ड मेला समजा. यूपीएस आहे एवढ्यावर जाऊ नका. साध्या ६०० व्हीए यूपीएसमधली १२ व्होल्टची ७ एएच बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. संगणक चालू ठेवून भिंतीवरचा स्विच बंद करा आणि किती मिनिटे टिकते ते घड्याळ लावून पाहा. आणि आकाश गडगडत असेल त्या संध्याकाळी यातले काहीच नको.

सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहिला, तर तुम्ही एखादे जुने ग्राफिक्स कार्ड लावलेले असणार. ते काढा आणि मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या पोर्टला द्या. आय५-८४०० मध्ये ग्राफिक्स आतच आहे.

विंडोज उघडले की ‘टीपीएम डॉट एमएससी’ चालवून २.० दिसते का ते पाहा, आणि पात्रता तपासणारा तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवा. आता पास होईल. डिस्क मॅनेजमेंटमध्ये एसएसडीच्या उरलेल्या जागेत नवा भाग पाडून त्याला डी हेच अक्षर द्या आणि फायली बाहेरच्या डिस्कवरून जुन्याच मार्गावर, जुन्याच फोल्डरच्या नावाने परत ठेवा. अक्षर बदलले तर टॅलीला डेटा सापडत नाही आणि कोरलच्या फायलींतील लिंक केलेली चित्रे तुटतात. ई वरच्या फायली लगेच लागत नसतील तर तूर्त बाहेरच्या डिस्कवर राहू देत.

आता विंडोज ११. मायक्रोसॉफ्टच्या पानावरून आयएसओ फाइल (इन्स्टॉलची अख्खी डिस्क एका फायलीत) उतरवा, तिच्यावर डबल क्लिक करून आतला सेटअप चालवा आणि ‘फायली आणि ऍप्स ठेवा’ हा पर्याय निवडा. पेन ड्राइव्हवरून बूट करायचे नाही, तसे केले की प्रोग्रॅम जातात. सी वर ४० जीबी तरी मोकळे ठेवा. बाहेरचा अँटीव्हायरस असेल तर आधी काढा, डोंगल, प्रिंटर, बाहेरची डिस्क सगळे उपटून ठेवा. एसएसडीवर हे काम साधारण तास-दीड तासात होते. मध्येच थांबले तर पडद्यावरचा कोड वाचा. ‘सी१९००१०१’ म्हणजे कुठला तरी ड्रायव्हर आडवा आला, बहुधा जुन्या डोंगलचा किंवा वायफाय स्टिकचा. ‘८००७००७०’ म्हणजे जागा कमी. ‘सी१९००२०८’ म्हणजे न जुळणारा प्रोग्रॅम.

चालू झाल्यावर पहिली झडती फॉण्टांची. युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांची आजची प्रमाण पद्धत) नसलेल्या जुन्या मराठी फॉण्टांना विंडोजची एक सेटिंग फार लागते. टाइम अँड लँग्वेजमध्ये ‘ऍडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज’ उघडा. नॉन-युनिकोड प्रोग्रॅमची भाषा इंग्लिशच हवी, मराठी नको, हे ऐकायला उलटे वाटेल. हे फॉण्ट मुळात इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवून बनवलेले आहेत. तिथेच ‘युटीएफ-८’ची बीटा खूण असते, ती काढलेली हवी. ती राहिली की पत्रिकेतली जोडाक्षरे फुटतात किंवा चौकटी दिसतात. एखादा फॉण्ट पुन्हा घालावा लागला तर साधे ‘इन्स्टॉल’ दाबू नका. उजव्या क्लिकमध्ये ‘शो मोअर ऑप्शन्स’, मग ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’. साध्या इन्स्टॉलने फॉण्ट फक्त तुमच्या खात्यात बसतो आणि जुन्या प्रोग्रॅमना दिसत नाही. ‘फॉण्ट घातला पण कोरलमध्ये येत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते. मंगल, कोकिला, अपराजिता हे फॉण्ट दिसेनासे झाले तर घाबरू नका. ऑप्शनल फीचर्समधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉण्ट्स’ घाला, त्यात ते सगळे असतात.

डोंगल ओळखला नाही तर त्याचा सगळ्यात नवा ड्रायव्हर पॅकेजवाल्यांकडून घ्या. तरीही हलला नाही तर विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन पाहा. ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असेल तर जुन्या ड्रायव्हरला ती आत घेत नाही. ती बंद करता येते, पण आधी नवा ड्रायव्हर शोधण्याची खटपट करा. कोरलची आवृत्ती फार जुनी असेल तर ती ११ वर चालेल की नाही हे तुमच्याच फायली उघडून, छापून, पीडीएफ काढून पाहा. मागे जुनी डिस्क आहे, तेव्हा ही परीक्षा बिनधोक आहे.

मनस्ताप देणाऱ्या बारीकसारीक गोष्टी बऱ्याच आहेत. स्टार्ट बटण मध्यभागी जाते, टास्कबार सेटिंग्जमधून डावीकडे आणा. उजव्या क्लिकचा जुना मेनू हवा तर शिफ्ट धरून क्लिक करा. यांत डोके शिणवण्यासारखे काही नाही, आठवड्यात हात बसतो. एकाच गोष्टीकडे पहिल्या दिवशी लक्ष द्या. वनड्राइव्ह डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्याकडे ओढून घेऊ पाहते. फुकटचे ५ जीबी छपाईच्या फायलींनी दोन दिवसांत भरतात आणि मग ‘जागा संपली’ची टुमणी सुरू होतात. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज बॅकअप’ उघडून सगळे फोल्डर बंद करा. हे फार जणांचे दुखणे आहे.

बदल्यात मिळते काय? सुरक्षेच्या दुरुस्त्या, मुख्य लाभ हाच. जीएसटी आणि बँकेची पाने ज्या ब्राउझरवर चालतात ते जुन्या विंडोजला सोडून पुढे जातात. क्रोमने विंडोज ७ ला २०२३ मध्येच रामराम केला. फाइल एक्सप्लोररमध्ये टॅब आल्याने गिऱ्हाइकांची चार फोल्डर एका खिडकीत राहतात. विंडो पडद्यावर मांडून देणारी सोय एका बाजूला हस्तलिखित आणि दुसऱ्या बाजूला कोरल ठेवून टाइप करणाऱ्याला खरोखर उपयोगी आहे. याहून मोठे काही अपेक्षू नका.

दुसऱ्या संगणकावर विंडोज ११ घालू नका. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे, आणि ३२-बिट विंडोज ७ वरून वर चढायची वाट नाही, कोरेच घालावे लागेल. अपात्र संगणकावर तपासणी चुकवून ते बसवून देणारे भेटतील, बसतेही. पण अशा संगणकाला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि दर वर्षीची नवी आवृत्ती हाताने ओढून घालावी लागते. तुमच्यापुढे त्याहून मोठी अडचण आहे. जुन्या पॅकेजचा प्रोग्रॅम ३२-बिट असला तरी त्या काळच्या अनेक इन्स्टॉलरचा गाभा १६-बिटचा असे, आणि ६४-बिट विंडोज १६-बिट काहीच चालवत नाही. प्रिंटर पोर्टातला डोंगल यूएसबीच्या कन्व्हर्टरवर सहसा चालत नाही, तेव्हा तो नव्या संगणकावर नेण्यात पैसे घालवू नका.

त्या संगणकाची नेटवर्कची वायर काढा. कायमची. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून नियमित दुरुस्त्या नाहीत. वायर काढली की प्रिंटर शेअर करणे संपते, आणि ते बरेच आहे. विंडोज ११ प्रो २४एच२ पासून पासवर्ड नसलेले ‘गेस्ट’ शेअरिंग नाकारते आणि जुन्या संगणकावरचा शेअर केलेला प्रिंटर जोडताना ‘११बी’ने संपणारी त्रुटी येऊन दिवस जातो. प्रिंटर सरळ मुख्य संगणकाला जोडा. ६४-बिट ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवा आणि विंडोज १० असतानाच, एसएसडीवरच्या त्या एक दिवसाच्या परीक्षेत, छापून पाहा. म्हणजे नंतर छपाई अडली तर दोष कुठला हे कळेल.

जुन्या संगणकावर एखादा मोफत पीडीएफ प्रिंटर घाला. पॅकेजमधून थेट कागदावर न छापता पीडीएफ काढा, फॉण्ट फायलीत एम्बेड करण्याची खूण करून, आणि ती पेन ड्राइव्हने मुख्य संगणकावर आणा. पेन ड्राइव्ह तिथे लावताच डिफेंडरने स्कॅन करा. फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस आपल्याकडे अजून पेन ड्राइव्हवरूनच हिंडतो. या संगणकाच्याही डिस्कची एक प्रतिमा क्लोनझिलाने बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा, इथे त्याच मापाच्या डिस्कवर परत चढवायची असल्याने ते सोपे पडते. सवड मिळेल तसे ज्या देवस्थानांच्या पावत्या आणि ज्या नाटकमंडळींची पत्रके दर वर्षी थोड्या फरकाने येतात, तेवढ्याच मुख्य संगणकावर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करायला घ्या. बाकीच्या जुन्या फायलींच्या पीडीएफ काढून ठेवल्या तरी चालेल.